अभ्यासाच्या सवयी आणि समतेचा प्रश्न

(पदवीच्या पहिल्या वर्षात दाखल झालेल्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या शिक्षकांपुढे केलेले भाषण)



पावसाळ्याच्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्ह्याच्या एसटी स्थानकावर एक दृश्य हमखास दिसते. अंगावर नवे कपडे, पाठीवर सॅक, हातात वळकटी अशा वेषात एखादा मुलगा किंवा मुलगी शहरात उतरते. सोबत वडील असतात, नाहीतर मामा. वसतिगृहाच्या खोलीत सामान लावून झाले की ते परत फिरतात आणि निघताना एकच वाक्य बोलतात : ‘नीट अभ्यास कर.’ हे वाक्य अगदी मनापासून उच्चारलेले असते. परंतु नीट अभ्यास करणे म्हणजे नेमके काय करणे, हे सांगणे त्यांच्या आवाक्यातले नसते. कारण महाविद्यालयाची पायरी चढण्याची संधी त्यांना स्वतःला कधी मिळालेली नसते. पुढे पहिल्या सत्राचा निकाल लागतो. दोन विषय राहतात, एटीकेटी लागते; आणि ज्या मुलाचे गावच्या शाळेत कौतुक झाले होते तो मुलगा मुकाट्याने एक निष्कर्ष काढून मोकळा होतो : आपल्याला डोके नाही.

हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. डोके असते, कष्टांची तयारी असते, घरच्यांच्या त्यागाची जाणीवही असते. नसते ती एक अगदी साधी गोष्ट : महाविद्यालयात अभ्यास कसा करतात याची माहिती. ही माहिती कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेली नसते. ज्या घरांत दोन-तीन पिढ्या पदवीधर आहेत तेथे ती जेवताखाता कानावर पडते. ज्या घरातला पहिलाच पदवीधर अजून व्हायचा आहे तेथे ती कोठून येणार? म्हणून अभ्यासाच्या सवयींचा प्रश्न वरवर पाहता वैयक्तिक शिस्तीचा वाटला, तरी मुळात तो समतेचा प्रश्न आहे. वर्गाचे दार सर्वांना खुले झाले, पण आत वावरण्याची रीत मोजक्यांनाच ठाऊक राहिली, तर ते दार अर्धेच उघडले असे म्हणावे लागेल.

प्रथम ही रीत कोणती ते पाहू. शाळेत गुरुजी गृहपाठ देतात, तपासतात, चुकले तर उभे करतात. महाविद्यालयात हे सारे एका दिवसात थांबते. प्राध्यापक पन्नास मिनिटे बोलतात आणि निघून जातात. वही कोणी पाहत नाही. ही मोकळीक पहिल्या पंधरवड्यात सुखाची वाटते. परंतु ज्याचा घरचा कोणी या वाटेने गेला आहे त्याला ठाऊक असते, की तपासणी रद्द झालेली नाही, ती फक्त विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हाती आली आहे. असा विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात अभ्यासक्रमाची प्रत मिळवतो, मागच्या तीन-चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका चाळतो, अंतर्गत मूल्यमापनाला किती गुण आहेत व सबमिशनची तारीख कोणती ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतो. दुसरा विद्यार्थी परीक्षेच्या पंधरा दिवस आधी बाजारातले गाईड आणतो. दोघांच्या बुद्धीत फरक नाही. एकाला नकाशा मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. वेळापत्रक करावे हा उपदेश सर्वांनी ऐकलेला असतो आणि बहुतेकांनी रंगीत शाईत एक वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलेही असते. ते आठवड्यात मोडते, कारण ते मनातल्या आदर्श दिवसाचे असते. जी मुलगी सकाळी घरचा स्वयंपाक आटोपून एसटीने तासभर प्रवास करून येते, किंवा जो मुलगा संध्याकाळी औषधांच्या दुकानात काम करतो, त्यांच्या दिवसात आदर्श काही नाही. अशा विद्यार्थ्याने आधी एक आठवडा आपला वेळ प्रत्यक्षात कोठे जातो ते प्रामाणिकपणे लिहून काढावे. मग त्यात रोजचा एक तास, तोही ठरलेल्या जागी व ठरलेल्या वेळी, राखून ठेवावा. पहाटेचा असो की दुपारच्या रिकाम्या तासिकेतला ग्रंथालयातला असो. पण तो मोडू नये. आठवड्याच्या शेवटी सलग दहा तास बसण्यापेक्षा असा रोजचा तास अधिक मोलाचा असतो. हे केवळ वडीलधाऱ्यांचे मत नव्हे, त्याला प्रयोगाचा आधार आहे.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली स्मृतीविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. प्रयोगासाठी त्याने स्वतःलाच वापरले. निरर्थक अक्षरसमूहांच्या माळा तो पाठ करी आणि किती काळाने किती विसरतो ते मोजून ठेवी. त्याला असे आढळले, की बारा अक्षरसमूहांची एक माळ आदल्या दिवशी एकाच बैठकीत 68 वेळा घोकून जो परिणाम साधला, तोच परिणाम तीन दिवसांत विभागलेल्या 38 आवृत्त्यांनी साधला. म्हणजे जवळजवळ निम्म्या कष्टांत तेवढेच फळ. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेली घोकंपट्टी सकाळच्या उत्तरपत्रिकेपुरती कशीबशी तगते. पुढच्या वर्षाचा विषय त्याच पायावर उभा राहायचा असेल, तर तो पाया तोवर वाहून गेलेला असतो.

तिसरी गोष्ट वाचण्याच्या पद्धतीची. आपल्याकडे अभ्यास म्हणजे धडा पुन्हा पुन्हा वाचणे आणि महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारणे, अशी समजूत रूढ आहे. अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर व कार्पिके या संशोधकांनी 2006 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या समजुतीला धक्का देणारा आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला व मग कागद मिटून, आठवेल तेवढे लिहून काढण्याचे काम तीन वेळा केले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारा गट पुढे होता : 83 टक्के विरुद्ध 71 टक्के. पण एका आठवड्याने चित्र पालटले. चार वेळा वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. यातली खरी मेख ध्यानात घेण्यासारखी आहे. पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा वाटू लागतो, आणि ओळखीचा वाटणे म्हणजेच येणे असा भ्रम होतो. पुस्तक मिटल्यावर मात्र आपल्याला काय येत नाही ते उघडे पडते. ते मनाला लागते, म्हणून माणूस ते टाळतो. आणि शिकणे नेमके तेथेच सुरू होते.

या पद्धतीला खर्च नाही. एक कोरा कागद आणि पेन्सिल पुरते. व्याख्यान संपल्यावर त्याच दिवशी वही न उघडता पाच-सात मुद्दे लिहावेत, मग वहीशी ताडून पाहावेत. तीन दिवसांनी पुन्हा, दहा दिवसांनी पुन्हा. वर्गातले टिपणही याच दृष्टीने करावे. प्राध्यापकांचे वाक्य न् वाक्य उतरवून घेणारा हात थकतो आणि कान बंद होतात. मुख्य मुद्दा, त्याचे एक उदाहरण आणि न कळलेल्या जागी एक प्रश्नचिन्ह, एवढे टिपण पुरेसे असते. त्यातले प्रश्नचिन्ह सर्वांत मोलाचे, कारण पुढच्या कामाची ती खूण असते.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे याहून अवघड अशी एक भिंत असते, ती इंग्रजीची. विज्ञान, वाणिज्य व अभियांत्रिकीचे ग्रंथ बहुतांशी त्या भाषेत असतात. पहिल्या तासाला ‘फोर्स’, ‘डिमांड’, ‘लायबिलिटी’ असे शब्द कानांवर आदळू लागले, की बारावीपर्यंत बल, मागणी, दायित्व या संकल्पना उत्तम समजलेला विद्यार्थी गोंधळतो. आणि भाषेची अडचण ही बुद्धीची अडचण आहे असे मानू लागतो. वास्तविक संकल्पना त्याच्याजवळ आहे, फक्त तिचे दुसरे नाव त्याला ठाऊक नाही. मराठीत परिभाषाकोश आहेत; तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली 1960 साली सुरू झालेले मराठी विश्वकोशाचे काम आहे, आणि तो विश्वकोश आज मोबाइलवरही वाचता येतो. प्रत्येक विषयाच्या वहीच्या शेवटी दोन रकाने आखून रोज पाच पारिभाषिक शब्द दोन्ही भाषांत लिहिले, तर एका सत्रात त्या विषयाची बहुतेक परिभाषा हाती येते. विषय मराठीतून समजून घेण्यात कमीपणा नाही. न समजता इंग्रजीत पाठ करण्यात मात्र मोठे नुकसान आहे.

आता या साऱ्यांहून महत्त्वाची, पण आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित राहिलेली सवय. ती म्हणजे इतरांबरोबर शिकण्याची.

कॅलिफोर्नियातील बर्कली येथील विद्यापीठात 1970 च्या दशकात युरी ट्रीझमन नावाचा एक तरुण गणितज्ञ शिकवत होता. कलनशास्त्राच्या पहिल्या वर्षात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत आणि चिनी वंशाचे विद्यार्थी उत्तम यश मिळवत. असे का व्हावे, असे त्याने प्राध्यापकांना विचारले. उत्तरे ठरलेली होती : त्यांना आस्था कमी, त्यांची पूर्वतयारी कच्ची, घरी शिक्षणाचे वातावरण नाही, घरची गरिबी. ट्रीझमनने दोन्ही गटांतले वीस-वीस विद्यार्थी निवडले आणि ते अभ्यास कसा करतात हे त्यांच्यात मिसळून पाहिले. तेव्हा यांतले एकही कारण टिकले नाही. कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्टाळू होते. त्यांच्या आईवडिलांना त्यांच्या शिक्षणाची विलक्षण ओढ होती. फरक वेगळ्याच जागी होता. हे विद्यार्थी एकेकटे अभ्यास करत. आपल्या शाळेतून ते एकट्याच्या जिद्दीने, भोवतालच्या मोहांपासून अलग राहून वर आलेले होते. जी सवय त्यांना तेथवर घेऊन आली तीच त्यांनी पुढे चालवली. चिनी विद्यार्थी आधी एकट्याने गणिते सोडवत आणि मग संध्याकाळी एकत्र जमत. एकमेकांची उत्तरे ताडून पाहत, चूक दाखवत, प्राध्यापकांची अपेक्षा काय याची माहिती वाटून घेत. एखादे उदाहरण कोणालाच सुटले नाही, तर ते उदाहरणच अवघड आहे हे त्यांना समजे. एकट्या बसलेल्या विद्यार्थ्याला मात्र तेच उदाहरण सुटले नाही, की स्वतःच्या बुद्धीचीच शंका येई.

ट्रीझमनने यावर योजलेला उपाय मननीय आहे. त्याने ‘कच्च्या मुलांसाठी जादा तास’ काढले नाहीत, कारण अशा तासांना बसणे म्हणजे कपाळावर शिक्का मारून घेणे. त्याने कार्यशाळा काढली. तीत नेहमीपेक्षा अवघड गणिते दिली आणि ती गटाने सोडवायला लावली. त्या कार्यशाळांतील विद्यार्थ्यांच्या निकालात मोठी सुधारणा झाली. ज्यांच्यात दोष आहे असे सांगितले जात होते त्यांच्यात काही बदलावे लागले नाही. शिकण्याची रचना बदलावी लागली.

हा अनुभव दूर देशीचा असला, तरी आपल्या वसतिगृहांतल्या अनेक मुलामुलींना त्यात स्वतःचे प्रतिबिंब दिसेल. गावच्या शाळेत पहिला आलेला मुलगा महाविद्यालयात मागच्या बाकावर एकटा बसतो. शंका विचारली तर हसतील, इंग्रजी चुकले तर हसतील, आडनाव कळले तर नजर बदलेल, ही धास्ती त्याच्या मनात असते आणि ती निराधार असते असेही म्हणता येत नाही. अशा मुलाला ‘आत्मविश्वास बाळग’ असे सांगणे सोपे आहे. त्यापेक्षा चार सहाध्यायी, आठवड्यातून दोन ठरलेल्या संध्याकाळी, आणि प्रत्येकाने आपापले काम आधी करून यायचे असा एकच नियम. एवढी व्यवस्था केली तर आत्मविश्वास आपोआप येतो. आधी काम करून येण्याची अट नसेल, तर त्या बैठकीचा चहापाण्याचा अड्डा होतो. आणि ती असेल, तर सर्वांत दुर्बळ सभासदसुद्धा कधीतरी इतरांना समजावून सांगतो. दुसऱ्याला समजावून सांगता आले म्हणजे तो विषय खरोखर आपला झाला. या मंडळात वेगवेगळ्या जातींची, गावांची मुले असावीत आणि मुली बरोबरीने असाव्यात. जातीच्या भिंती भाषणांनी जेवढ्या हलतात, त्याहून अधिक त्या एका वहीवर झुकलेल्या चार डोक्यांनी हलतात.

प्राध्यापकांना प्रश्न विचारण्याचेही असेच आहे. आपल्या संस्कारांत वडीलधाऱ्यांपुढे गप्प बसणे म्हणजे आदर. वर्गातल्या आदराची रीत मात्र निराळी असते. जो विद्यार्थी ‘सर, मला काही समजले नाही’ असे म्हणतो त्याला मदत करणे कठीण जाते. ‘मॅडम, तिसऱ्या पायरीपर्यंत समजले, चौथी कशी आली ते कळले नाही’ असे जी म्हणते, तिला दोन मिनिटांत मार्ग सापडतो. आपले अज्ञान नेमक्या जागी बोट ठेवून दाखवता येणे हेही एक कौशल्य आहे, आणि तेही सरावानेच येते.

परंतु एवढे सांगून थांबले तर ते अर्धसत्य होईल. सवयींना जागा लागते, दिवा लागतो, दोन वेळचे जेवण लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेकडे पाहावे. 1913 साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. ग्रंथालयातील त्यांची तासन्तासांची बैठक आज दंतकथेसारखी सांगितली जाते. पण त्याच विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 साली लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून, बचत करून, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राचे कर्ज घेऊन ते 1920 साली पुन्हा लंडनला गेले आणि 1923 साली त्यांनी डी.एस्सी. पदवी मिळवली. एवढ्या असामान्य चिकाटीलाही पैशाअभावी तीन वर्षे थांबावे लागले. मग सामान्य विद्यार्थ्याचे काय होत असेल? पुढे 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू करताना त्यांनी नोकरी करणाऱ्या तरुणांची सोय पाहून सकाळचे वर्ग ठेवले, यामागे हा स्वानुभव असला पाहिजे.

महाराष्ट्राने या प्रश्नाची उत्तरे पूर्वीच शोधलेली आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवत आणि एकत्र श्रम करत. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व पदवीच्या शिक्षणापर्यंत पोहोचले. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी 1955 साली विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली, तीही खेड्यातून येणाऱ्या गरीब मुलांना राहण्या-जेवणाचा आधार मिळावा म्हणून. या माणसांनी शिस्तीचा उपदेश केला, परंतु उपदेशाआधी डोक्यावर छप्पर दिले. मुलांनी एकत्र राहावे, स्वतःची कामे स्वतः करावीत, वरच्या वर्गातल्याने खालच्याला शिकवावे. म्हणजे ज्या सवयी सुखवस्तू घरांत वारशाने मिळतात त्या या वसतिगृहांनी सार्वजनिक केल्या.

म्हणून शिक्षकांकडे आणि संस्थांकडेही काही मागणे आहे. पहिल्या वर्षाच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक विषयाच्या प्राध्यापकांनी एक तास आपल्या विषयाचा अभ्यास कसा करावा यासाठी द्यावा. ग्रंथालय संध्याकाळी व सुटीच्या दिवशी उघडे असावे. पाच वाजता कुलूप लागणारे ग्रंथालय नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने नसल्यासारखेच. अभ्यासमंडळांना रिकाम्या वर्गखोल्या मिळाव्यात. शिष्यवृत्तीची रक्कम वर्ष संपल्यावर हाती येत असेल, तर ती शिष्यवृत्ती राहत नाही, नुसती भरपाई होते. ‘विद्यार्थ्यांनाच आस्था नाही’ असे म्हणण्यापूर्वी ट्रीझमनप्रमाणे ते कोठे बसतात, केव्हा वाचतात, कोणाशी बोलतात हे एकदा जाऊन पाहावे.

विद्यार्थ्यांनी मात्र या मागण्या पूर्ण होईपर्यंत वाट पाहत बसू नये. आजच्या काळात एक शत्रू तर प्रत्येकाच्या खिशातच आहे. मोबाइल ज्ञानाचे साधन होऊ शकतो. पण तो हाताशी असला की तासाचे वीस तुकडे होतात. अभ्यासाच्या त्या एका तासापुरता तो दुसऱ्याच्या हवाली करावा. अभ्यासमंडळाचा हाही एक उपयोग आहे. झोप मोडून मार्क मिळत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. आणि पहिल्या सत्रात अपयश आलेच, तर त्याचा निकाल स्वतःच्या बुद्धीवर न लावता पद्धतीवर लावावा. कोणती गोष्ट केली नाही, कोणाला विचारले नाही, कोठे एकटे राहिलो, ते कागदावर लिहावे आणि दुसऱ्या सत्राचा आरंभ त्या कागदापासून करावा.

यश कशाला म्हणावे, हा प्रश्नही शेवटी टाळता येत नाही. पदवी आणि नोकरी हवीच. पोटाचा प्रश्न क्षुद्र मानणारे तत्त्वज्ञान भरल्या पोटी सुचते. पण ज्या घरातून पहिला पदवीधर बाहेर पडतो, त्या घराला आणि त्या गल्लीला त्याच्याकडून आणखी एक देणे असते. पुढच्या पावसाळ्यात त्याच एसटीने गावचे दुसरे मूल शहरात उतरेल. त्याचे वडील ‘नीट अभ्यास कर’ एवढेच म्हणून परततील. त्या वेळी नीट म्हणजे कसा, हे वसतिगृहाच्या दारातच सांगणारे कोणीतरी तेथे उभे असावे. आणि ते कोणीतरी आज या सभागृहात बसलेले आहे.